चौदा नंबरचा सापळा

पो नदी यंदा इतकी खाली गेलीय
की कधीकाळी बुडालेली एक सपाट होडी
वाळूतून पाठ वर काढून बसली आहे.
लोक गाड्या थांबवून तिचे फोटो घेतात.
मी थांबत नाही. माझ्या गाडीत कोरडा बर्फ आहे,
आणि तो उन्हात
बोलता बोलता संपतो.

तिन्हीसांजेला त्याचा डबा मी झाडाला टांगते.
वाफ खाली उतरते,
जणू एखादं मोठं, ऊबदार जनावर
अंधारात श्वास घेत पडलंय.
खाली पंखा. त्याखाली जाळीची पिशवी.
येतात त्या डासांच्या माद्या.
नरांना रक्ताचं काही पडलेलं नसतं.

"पाऊसच नाही, तर डास कुठले, नीवेस?"
ओरेस्ते झाम्पोल्लो मेपासून हेच विचारतो.
वय एक्याऐंशी, गंजीफ्रॉक, टोमॅटोच्या ओळीत उभा,
पाठीशी निळं पिंप,
कालवा आठवड्यातून एकदाच सुटतो म्हणून
काठोकाठ भरलेलं.
मी म्हणते, झाकण घाल.
तो म्हणतो, वाऱ्यानं उडतं.
पानसुद्धा हलत नसतं तेव्हा.

त्याचं म्हणणं पटावं असंच आहे.
पण पाऊस झाडूही असतो.
आला असता, तर गटारांच्या तोंडाशी तुंबलेलं काळं पाणी
वळवळत्या अळ्यांसकट
पार समुद्रात लोटून आला असता.
आता डबकी आटली, शेतांमधले चर आटले,
आणि उरलेल्या वाटीभर ओलीभोवती
कावळे, चिमण्या, लांब शेपटीची काळीपांढरी गाझ्झा,
सगळे एकाच पंगतीला बसले.
वाढायला माद्या.

उष्मा म्हणजे घाई.
उन्हाळा बेताचा असला
की विषाणूला मादीच्या पोटातून सोंडेपर्यंत यायला
कित्येक आठवडे लागतात,
आणि बहुतेकदा वाटेतच ती मरते, तोही मरतो.
यंदा रात्रीही सव्वीसच्या खाली उतरत नाहीत.
तो लवकर पोचतो.
ती जिवंत असते. भुकेली असते.
हे मी तक्त्यात मांडते.
तक्त्याला घाम येत नाही.

नऊ जुलै, सापळा चौदा: सहाशे बारा.
गार पाटावर पसरून, पन्नास-पन्नास मोजून
नळ्यांत भरल्या.
त्याच दिवशी ओरेस्तेनं बुटाच्या खोक्यातून
एक गाझ्झा आणून दिली, मानेत लुळी.
"उन्हानं गेली असेल," म्हणाला.
खोक्यात त्यानं मूठभर गवत घातलं होतं.
का, कोण जाणे.

दोन नळ्या निघाल्या.
पक्षीही.
मी सगळ्यांना कळवलं. नगरपालिकेला, रक्तपेढीला,
घोडेवाल्यांना. ओरेस्तेला तर दोनदा.
त्यानं एक उदबत्ती विकत आणली, हिरवी, वेटोळ्याची,
आणि पिंपावरच ठेवली.

ऑगस्टात त्याच्या भाचीचा, दोरियानाचा, फोन.
आधी ताप. मग चमचा कसा धरायचा, ते आठवेना.
शंभरातल्या ऐंशीजणांना काही कळतही नाही,
हा आकडा मला तोंडपाठ आहे.
रोव्हिगोच्या इस्पितळात, त्याच्या पलंगाशी
मी तो उच्चारला नाही.
त्यानं छताकडे बघत विचारलं,
"पाऊस पडला?"
नाही, म्हटलं.
"मग डास..."
आणि त्या वाक्याला पुढची पायरी सापडेना.
हात चादरीवर काहीतरी निवडत राहिले,
शेंगा निवडाव्यात तसे.

परतताना पिंप आडवं केलं.
जड होतं. दोनदा ढकलावं लागलं.
पाणी टोमॅटोंच्या बुडाशी पसरलं,
अळ्या मातीवर क्षणभर तडफडल्या,
मग मुंग्यांनी ताबा घेतला.
हे मे महिन्यातही जमलं असतं.
परक्याच्या परसातलं पिंप
कुणी असं लाथाडतं का, म्हणून राहिलं.

आता रोज संध्याकाळी सापळा लावून झाला
की नळाच्या दोन बादल्या आणून
त्याच्या टोमॅटोंना घालते.
झाडांचा काय दोष.
काल पाणी घालताना कानाशी गुणगुण आली.
थाप मारली. तळहातावर लाल ठिपका.
माझंच असावं.
बादली उपडी घातली, आणि निघाले.